कपाट उचलायचं नसतं

म्हातारा: सोड, सोड हात! खांदा निखळेल अशाने.

म्हातारी: सोडला. माझीही कंबर धरली. अहो, डोकं आपटलं का कुठे? बघा माझ्याकडे.

म्हातारा: डोकं ठिकाणावर आहे.

म्हातारी: असतं, तर डावा पाय साथ देत नसताना कपाट ढकलायला गेला नसतात. मांडी? खुबा? दाबतेय, दुखलं तर सांगा.

म्हातारा: ठणकतंय थोडं, पाय हलतोय. आणि तू कालपासून काय लावलं होतंस? जावई आले की कपाट सरकवून घेऊ, जावई आले की सरकवून घेऊ! जन्मभर लोकांचं सामान वाहिलं मी. माझ्या घरातलं कपाट जावई हलवणार?

म्हातारी: म्हणून वॉकर दाराशी ठेवून एकटेच निघालात.

म्हातारा: वॉकर धरून कपाट ढकलता येतं होय?

म्हातारी: धन्य आहात.

म्हातारा: पोरगी येईल एवढ्यात. मला असं फरशीवर बघितलं की संपलंच. ‘आता एकदा जरी पडलात तरी माझ्याकडे नेणार, आईला एकटीला झेपत नाही,’ म्हणालीच आहे ती.

म्हातारी: माझ्यासमोरच म्हणाली.

म्हातारा: मग खालच्या शेजाऱ्याला हाक मार. उचलेल तो.

म्हातारी: आणि पुढच्या वेळी तो घरी नसला तर? नाही मारत हाक. कोणी उचलणार नाही तुम्हाला. मीसुद्धा नाही.

म्हातारा: मग इथेच अंथरूण घालतेस का माझं?

म्हातारी: तुमच्या टोळीत नवा हमाल आला आणि कपाटाला मिठी मारून उचलायला लागला, की काय ओरडायचात हो?

म्हातारा: गाढवा, कपाट उचलायचं नसतं, चालवायचं असतं!

म्हातारी: कसं?

म्हातारा: एक कोपरा टेकलेला ठेवायचा, दुसरा पुढे घ्यायचा. दम घ्यायचा. मग पहिला... अगं, मी काय कपाट आहे?

म्हातारी: कपाट बरं. उलटून बोलत नाही. चला, उजव्या कुशीवर वळा.

(ती एक खुर्ची त्याच्यासमोर भिंतीला टेकवून ठेवते, दुसरी हाताशी घेते.)

म्हातारा: वळलो.

म्हातारी: कोपरावर भार द्या. आता हात टेका आणि गुडघ्यांवर या. घाई नाही.

म्हातारा: पोरगी येतेय आणि म्हणे घाई नाही!

म्हातारी: येऊ दे. दारात उभी राहील जरा. आता दोन्ही हात खुर्चीवर. उजवा पाय पुढे, तळवा पूर्ण टेकवा. हं, रेटा!

म्हातारा: नाही... नाही होत. बसलो परत गुडघ्यांवर. बोलव गं कुणाला तरी. जाईन मी पोरीकडे. तुझा तरी जीव सुटेल.

म्हातारी: खबरदार असं बोललात तर! जीव सोडवायचा असता तर कधीच सोडवला असता. दुपारी चहाला मी कुणाशी भांडू? भिंतीशी? मला तुम्ही या घरात हवे आहात. कळलं? आता दम घ्या आणि तळवा जरा मागे घ्या, गुडघ्याखाली. फार पुढे टाकलात मघाशी.

म्हातारा: ...घेतला.

म्हातारी: टोळीतल्या पोरांना द्यायचात तीच आरोळी द्या.

म्हातारा: अंगात आणा रे... हो! हो! हो!

म्हातारी: आले! वर आले! हलू नका, दुसरी खुर्ची लावते मागे. लागली का पायांना? हात मागे घ्या, धरा आणि टेका. सावकाश.

म्हातारा: बसलो. बसलो गं बाई.

म्हातारी: रडताय काय?

म्हातारा: घाम आहे. तू कशाला डोळे पुसतेस?

म्हातारी: माझाही घामच. बेल वाजली. थांबा, उघडते. आणि सांगणार आहे मी तिला. लपवणार नाही.

म्हातारा: मीच सांगतो.

मुलगी: आई, केवढा वेळ! आणि बाबा, हे काय, घामाघूम झालात?

म्हातारा: पडलो होतो.

मुलगी: अरे देवा! आई, तू एकटीने उचललंस यांना?

म्हातारी: मी बोटही लावलं नाही. स्वतः उठले. मांडी तेवढी डॉक्टरांना दाखवून घेऊ संध्याकाळी.

मुलगी: ते काही नाही, आता माझ्याकडेच चलायचं.

म्हातारा: येऊ की. रविवारी जेवायला येऊ. बस आधी, पाणी पी. जावईबापू कुठे आहेत?

मुलगी: गाडी लावताहेत खाली. का?

म्हातारा: त्यांना वर बोलव. तेवढं कपाट हलवायचंय. कसं ते मी सांगतो.