आवाज बदलला म्हणून

संपतराव : तुम्ही मेकॅनिक ना, प्रज्ञेश? मग तुम्हीच सांगा. भरतकामाची मशीन चालू, पडद्यावर चूक नाही, दोरा तुटलेला नाही, आणि आमच्या दुर्गाबाईंनी ती मधेच बंद केली! हिंजवडीच्या कंपनीचे चारशे टी-शर्ट संध्याकाळी द्यायचेत.

दुर्गाबाई : आवाज बदलला, शेठ. टकटक यायला लागली.

संपतराव : आठ वर्षं खाली बसून धागे कापलेत. आवाज कधीपासून कळायला लागला?

दुर्गाबाई : आठ वर्सं त्योच तर ऐकत हुते.

संपतराव : महिनाच झालाय ह्यांना मशीन देऊन. ह्यांच्या हातून बिघडली असेल, तर उद्यापासून पुन्हा धागे. मी कंपनीला फोन करून येतो.

(संपतराव आत जातात.)

प्रज्ञेश : मावशी, चाक हाताने फिरवा. हळू. थांबा! चौथ्या सुईखाली अडतंय. बॅटरी धरा जरा. बॉबिन काढली... तिच्याभोवती फिरणाऱ्या हुकात काहीतरी आहे. चिमटा द्या. अरेच्चा!

दुर्गाबाई : काय हो?

प्रज्ञेश : तांदूळ. कुंकू लावलेला.

दुर्गाबाई : अगं बाई! खंडेनवमीच्या अक्षता! इतकी वर्सं पूजेला लांबनं हात जोडले. औंदा मशीन माझ्या हातात, म्हणून झाकण उघडून आत वाहिल्या. करायला गेले गणपती अन् झाला मारुती!

प्रज्ञेश : रडू नका. स्प्रिंग सरकली होती म्हणून सांगतो. दाणा माझ्या खिशात.

दुर्गाबाई : नको, दादा. पलीकडच्या दोन मशिनींत बी मीच वाहिल्यात. मी गप बसले तर त्या मोडतील.

संपतराव : (परत येत) झालं का निदान?

दुर्गाबाई : शेठ, चूक माझी हाय. पूजेच्या अक्षता आत वाहिल्या, त्यातला दाणा अडकला. पलीकडच्या दोन्हीत बी हायेत. आधी त्या थांबवा.

संपतराव : आत? का, देवाला झाकणावरून दिसत नाही?

प्रज्ञेश : शेठ, एक बोलू? अजून दहा मिनिटं चालली असती, तर हूक गेलं असतं. नवीन यायला आठवडा. पडद्याला जे कळलं नाही ते ह्यांना कळलं.

संपतराव : हं. आणि त्या दोन मशिनींवर माणसं बसलीत की पुतळे? त्यांना काही ऐकू आलं नाही?

दुर्गाबाई : दोन नंबरची किरकिरतीय सकाळपासनं. पर मी कुठल्या तोंडानं सांगू? हितं माझंच असं झालेलं.

संपतराव : प्रज्ञेश, दोन्ही बंद करायला लावा. उघडून बघा.

दुर्गाबाई : मग मी बसू का धागे कापायला?

संपतराव : धागे कोणीही कापेल. तुम्ही आधी दोन नंबरला कान लावा.