गुलाबी सकाळची, पांढरी रातची

माझं माहेर लोनी काळभोरचं, म्हंजी गावात न्हाई, गावाच्या भायेर मळ्यात, आन् आमच्या मळ्यात फुलं असायची, ॲस्टर, शेवंती, झेंडू, तर लहानपनी माझं काम काय, तर फुलं निवडायची, जांभळी इकडं, पांढरी तिकडं, गुलाबी येगळी. आई म्हनायची, शकूचा हात बघा, डोळं मिटून रंग सांगंल पोरगी. साळंत गेले सातवीपतूर. मराठी वाचायची घडाघडा, पन इंग्रजीच्या बाई आल्या की मी खिडकीपाशी बसून भायेर बघत राह्यची. तवा कुनाला वाटलं व्हतं, त्या इंग्रजीवाचून पुढं काय व्हनार हाय ते.

लगीन झालं आन् विश्रांतवाडीला आले. मालक टेम्पो चालवायचे. शेजारनीनं सांगितलं, डॉक्टरांकडं झाडू-फरशीला बाई पायजे, तर गेले. आमचे सर म्हंजी पक्के पुन्याचे, बोलनं मोजून मापून, हसायचे न्हाईत, पन कुनाला तोडून बी बोलायचे न्हाईत. तिथं एक म्हातारे कंपाउंडर व्हते, त्यांनी मला सगळं शिकवलं, बीपीचा पट्टा कसा बांधायचा, बोटाला टोचून साखर कशी बघायची, बेशुद्ध मानसाच्या तोंडात पानी घालायचं न्हाई, गोळ्यांच्या पुड्या कशा बांधायच्या. पुढं ते गावी गेले आन् सर म्हनले, बाई, आता तुम्हीच बघा. काय सांगू तुमास्नी, मला आभाळ ठेंगनं झालं.

पन बरन्यांवर नावं सगळी इंग्रजीत. आता कुनाला सांगू? झाडूवाल्या बाईची कंपाउंडर झाले आन् वाचता येत न्हाई म्हनू? मंग मी रंगानं धरलं सगळं. तापाची पांढरी लांबट, पित्ताची पिवळी, साखरेची गुलाबी बारकी. नवीन गोळी आली की मी सरांपुढं धरायची, सर, माझा चष्मा घरी राह्यला, जरा बघता का ही कशाची. सर वाचून द्यायचे, मी रंग ध्यानात ठेवायची. एकोनीस वर्सं अशी काढली, आन् खोटं कशाला बोलू, लई गोडीत काढली.

दुपारी दवाखाना बंद असायचा. मी झाडून घ्यायची आन् तपासायच्या कॉटवर जरा आडवी व्हायची. पंखा हळूहळू फिरायचा, खिडकीचं ऊन बरन्यांवर यायचं, आन् मला झोप न्हाई, जाग न्हाई, असं कायतरी व्हायचं. मिटल्या डोळ्यापुढनं गोळ्या चालायच्या, पिवळ्या, तांबड्या, निळ्या, मधीच माहेरची शेवंती यायची, आईचा हात यायचा, आन् वाटायचं आपुन अजून मळ्यातच हाय, ह्यो दवाखाना, विश्रांतवाडी, मालक, पोरं, हे सगळं मी स्वप्नात बघती. मंग घंटी वाजायची आन् पेशंट यायचे.

आन् पेशंटला माझंच बोलनं कळायचं बघा. सरांची चिठ्ठी दुकानात दावायची, पाकिटं आनायची आन् यायचं माझ्याकडं, शकूताई, कशी घ्यायची सांगा. मी रंगावरनं गोळी वळखायची, चिठ्ठीवरचे आकडे बघायची आन् सांगायची, आजी, गुलाबी सकाळची, पांढरी रातची, इसरू नका. आज्या खुश. म्हनायच्या, डॉक्टर काय बोलतात देवाला ठावं, शकूताई बोलली की डोक्यात बसतं.

तर एक देवकर काका व्हते, पोस्टातनं रिटायर झालेले, साखरेचे पेशंट. बायको गेलेली, मुलगी हिंजवडीला कंपनीत, दोघं बापलेक ऱ्हायचे. परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट, सकाळी सकाळी काका आले आन् बाकड्यावर बसले. सर यायला अर्धा तास व्हता. काका आपले बसलेत, गालात हसत्यात, डोळं अर्धे मिटलेले. मला वाटलं, लागली डुलकी. मी म्हनलं बी, काका, घरी झोपायचं सोडून इथं आलात व्हय? ते म्हनले, सुमन, चहा टाक. सुमन म्हंजी त्यांची बायको. माझ्या अंगावर काटाच आला. जवळ गेले तर पंख्याखाली घाम, हात गार, बोटं थरथर करायलेली. टोचून बघितलं, मशीनवर आकडा असा खाली की मी दोनदा बघितला. काका गिळत व्हते अजून, शुद्ध व्हती, म्हनून गुलकोज कालवलं आन् घोट घोट पाजलं, एका हातानं सरांना फोन. काका, गिळा. काका, माझ्याकडं बघा. माझा आवाज मलाच लांबनं आल्यावानी वाटायला लागला. सर आले, सलाईन लावली, घंट्याभरानं काकांनी डोळं नीट उघडलं आन् म्हनले, शकूताई, माझी चप्पल कुठंय. मी तिथंच भिताडाला टेकून बसले.

मुलगी धावत आली. सरांनी विचारलं, काका, आज काय काय घेतलंत? काकांनी खिशातनं दोन पाकिटं काढली. एक गुलाबी गोळी, एक हिरवी. म्हनले, गुलाबी रोजचीच, आणि ही हिरवी दुकानदाराने या महिन्यापासून दिलीय, नवीन असेल म्हणून तीही घेतोय. सरांनी दोन्ही उलटी करून बघितली. औषध तेच, ताकद तीच, कंपनी दुसरी म्हनून रंग दुसरा. म्हंजी काका आठ दिस एकच गोळी दोनदा घेत व्हते. सर म्हनले, काका, गोळ्या खायच्या असतात, रंगपंचमी नाही खेळायची. रंगावर घ्यायला कोणी सांगितलं?

काका माझ्याकडं बघतच न्हाईत. म्हनले, कोणी नाही, माझंच चुकलं.

आता मला गप बसता आलं असतं. खरंच आलं असतं. काकांनी झाकलं व्हतं, नोकरी व्हती, अब्रू व्हती. पन त्यांच्या हाताला सलाईनची सुई बघितली आन् माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. मी म्हनलं, मी सांगितलं सर. मला इंग्रजी वाचता येत न्हाई. आन् मोठ्यांदा रडले, पेशंट बसलेले, तरी बी रडले.

मुलगी कायतरी बोलनार व्हती, काकांनी तिचा हात धरला. सरांनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. मंग म्हनले, एकोणीस वर्षं तुमचा चष्मा घरीच होता होय, बाई? कामावरनं काढतील आता, असं धरून मी पदर खोचला. तर म्हनले, उद्यापासून दुपारी झोपायचं बंद, ए पासून सुरू करायचं. रंग गेला, आता नाव आणि ताकद. आणि चूक माझीही आहे, मी कधी विचारलं नाही. मंग म्हनले, अजून किती जणांना रंग सांगितलेत?

मला मोजता येईनात.

तवापास्नं दर रयवारी मी घरोघर जाती. वाचाय येतंय आता, हळू, बोट ठेवून, पन येतंय. पाकीट काढाय लावती, नाव वाचून दावती, मराठीत लिहून देती, म्हनती, माझं जुनं इसरा, रंगावर जाऊ नका. कुनी हसतं, कुनी म्हनतं, ताई, तुमीच तर शिकवलं. देवकर काका बरे हाईत, ते बी दोन गल्ल्या माझ्यासंगं फिरले.

मागल्या रयवारी लोखंडे आजींकडं गेले. दोन वर्सं दवाखान्यात दिसल्या न्हाईत, वाटलं घर बदललं. सुनंनं दार उघडलं. म्हनली, आजी गेल्या की, दीड वर्स झालं, सकाळी झोपेतनं उठल्याच न्हाईत. बसा ना ताई. च्या टाकला तिनं. म्हनली, तुमचं लई नाव काढायच्या. शेवटपतूर तुमी सांगितल्यावानीच गोळ्या घ्यायच्या, एक दिस चुकल्या न्हाईत. देव तुमचं भलं करो.

आजींना साखर व्हती. कंची गोळी, किती, ते मी इचारलं न्हाई. पाकिटं ठेवलीत का, ते बी न्हाई. सून पाया पडायला वाकली तर मी तिचे दोन्ही हात धरले, नगं म्हनलं, आन् च्या पिऊन उठले. अजून चार घरं ऱ्हायली व्हती.