जॉर्जेट सेंट आणि माझा डावा हात

नाव महिपती राघो भोपी, वय अंदाजे ६२, शिक्षण मराठी दुसरी, धंदा दरवान, राहणार चामटोली, बदलापूरजवळ. तारीख ९ ऑक्टोबर १९५७.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, मी अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात पंचवीस वर्षे होतो. तिथे यंत्र ओढून डावा खांदा गेला. आता दोन वर्षे उल्हासनगर कॅम्प एकमध्ये नेणूमल मास्टरांच्या दुकानी दारावर बसतो. मास्टर कराचीहून आलेले आहेत. बायकांचे लग्नाचे कपडे बेततात. बोर्डावर डिझायनर असे लिहिले आहे, आम्ही मास्टर म्हणतो. गेल्या वर्षापासून ते सेंटही काढतात. सेंटांना कापडाची नावे आहेत : टॅफेटा, वेल्वेट आणि जॉर्जेट. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात त्याच कापडाचा रुमाल शिवून बांधतात. दुकानाचे मुख्य सेंट जॉर्जेट.

सेंट पुठ्ठ्यावर मरते आणि अंगावर उठते, असे मास्टर म्हणतात. म्हणून ते अंगावर लावून बघावे लागते. मास्टरांच्या हाताला कापडाच्या खळीचा वास येतो. कारागीर सगळे विडी ओढतात. मी विडी, तंबाखू, वासाचा साबण यांपैकी काही वापरत नाही. म्हणून सकाळी दहाला माझ्या डाव्या हाताला सेंट लावत आणि संध्याकाळी सहाला मास्टर येऊन हुंगत. मधल्या वेळात हात धुवायचा नाही असा हुकूम होता. सेंटात स्पिरिट असते. दारूबंदी असताना ते हाताला लावले तर गुन्हा होतो काय, असे मी जमादार हरिचंद्र यांना आज तीन वेळा विचारले. होत नाही असे ते म्हणाले. तसे लिहून घ्यावे.

जॉर्जेट सतरा वेळा बदलले. सतराव्या वेळी मास्टर माझा हात सोडेनात. म्हणाले, "साईं, बस्स! यही है!"

तारीख १२ सप्टेंबर रोजी गुरुदत्त शेठ तळपदे दुकानात आले. गिरगावात त्यांचे बायकांच्या सामानाचे दुकान आहे. मास्टरांनी त्यांना बाटली न देता माझा हात दिला. शेठ माझ्या ओळखीचे नव्हते. त्यांनी नाक लावून डोळे मिटले. मी कुठे बघावे हे मला समजेना, म्हणून छताकडे बघितले. शेठनी दिवाळीसाठी दहा डझन बाटल्या सांगितल्या. माल तारीख २८ ला गेला. काल शेठ सगळा माल स्टेशनवरून टांग्यात घालून परत आले आणि म्हणाले, "दाखवलं एक आणि दिलं भलतंच. हे काय अत्तर आहे? माझी गिऱ्हाइकं तोंडावर हसतात." तेथून ते थेट या पोलीस ठाण्यात आले आणि मास्टरांवर फसवणुकीची फिर्याद दिली. मास्टरांनी बाटली बदलली नाही. ती माझ्यासमोर भरली जाते.

आज दुपारी फौजदार साहेबांनी मला विचारले की, तुझ्या हाताला सेंटाशिवाय आणखी काही होते काय. मी नाही म्हणालो. पुन्हा विचारले तेव्हा तेल आठवले. माझी बायको विठा रोज पहाटे निरगुडीचा पाला आणि आणखी काही शिजवून केलेले तेल माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत चोळते. मी हे मास्टरांना सांगितले नव्हते. त्यांनी साबणाचे विचारले, तेलाचे विचारले नाही. तेल हे औषध आहे, नटणे-सवरणे नव्हे, म्हणून ध्यानात आले नाही. यात माझा लबाडीचा हेतू नव्हता. मास्टरांचाही नव्हता.

साहेब म्हणाले, करून बघू. शेठ आणि मास्टर दोघेही ठाण्यात हजर होते. जॉर्जेटचा एक थेंब हरिचंद्र जमादारांच्या हाताला आणि एक माझ्या हाताला लावला. गुरुदत्त शेठनी दोन्ही हात हुंगले. "दोन्ही सारखेच. म्हातारा मालकाला वाचवतोय," असे म्हणाले. मास्टर बाकावर खाली बसले. साहेबांनी मास्टरांना आत घेण्याचे बोलून दाखवले.

तेव्हा मला सांगावे लागले की, नऊ दिवस हाताला तेल लागलेले नाही. आमच्या शेजारची गोदू हिने विठाला सांगितले होते की, महिपतदादा रोज कुठल्या बाईकडून येतात ते नाकालाच कळते. विठाने मला विचारले. नोकरीचे काम आहे असे मी म्हणालो. ती म्हणाली, "बायकांचा वास अंगावर घेऊन फिरायची नोकरी मी नाय ऐकली." तेव्हापासून ती बोलत नाही, तेल चोळत नाही. जेवण वाढते. साहेब हसले. शेठ हसले नाहीत.

दुपारी चारच्या सुमारास विठा ठाण्यात आली. तिला कोणी बोलावले नव्हते. मला धरून नेले असे गोदूने सांगितल्यावर ती निघाली. तिच्याकडे घोंगडी आणि तेलाची बाटली होती. हे कशाला, असे साहेबांनी विचारले. ती म्हणाली, "कोठडीत फरशी गार असंल. ह्याचा खांदा धरतो."

साहेबांच्या सांगण्यावरून तिने सर्वांसमक्ष माझ्या हाताला तेल चोळले. नेहमीपेक्षा जोरात चोळले. नंतर त्यावर जॉर्जेटचा थेंब टाकला. गुरुदत्त शेठनी एकदा हुंगले, बाहेर जाऊन आले आणि पुन्हा हुंगले. "हाच तो वास," असे त्यांनी कबूल केले. हे तेल सेंटात उतरवून दिवाळीपूर्वी माल दिला तर फिर्याद मागे घेतो, असेही म्हणाले.

मास्टरांनी विठापुढे हात जोडले. "बहेनजी, तेलात काय आहे ते सांगा, मी बुडतो आहे." विठा म्हणाली, "सांगीन. पण ह्याच्या हाताला पुन्हा बायकांचं काय लावायचं नाय." मास्टर म्हणाले, "तो फिर किसके हाथ पे देखूँ?" विठाने तेलाचा हात पदराला पुसता पुसता थांबवला आणि मास्टरांपुढे धरला.

मास्टरांनी तिच्या मनगटावर थेंब टाकला. तिने हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग तिने तेलातल्या जिनसा मास्टरांना भिंतीकडे नेऊन सांगितल्या. त्या मला माहीत नाहीत.

आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत बायकोला कधी सेंट आणून दिले काय, असे साहेबांनी विचारले. नाही. का नाही, असे विचारले. त्याचे उत्तर मी दिलेले नाही.

वरील मजकूर हरिचंद्र जमादारांनी मोठ्याने वाचला. मी म्हणालो म्हणून दुसऱ्यांदा वाचला. तो मी सांगितला तसाच आहे. बायको बाहेर थांबली आहे, म्हणून तिसऱ्यांदा वाचायला सांगत नाही.

सही : महिपती राघो भोपी