अँटेना आणि आईचा पदर

हसू नका राव, पण मी एकेकाळी रोज आईचा फोटो काढायचो. कॅमेरा नवा व्हता, रोल महाग, म्हणून दिवसाला एकच. अंगणात भांडी घासताना, लसूण सोलताना, शेंगा तोडताना. तिला त्याचं काही कौतुक नव्हतं. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. मागं शेतापल्याड आकाशाचा वेध घेणाऱ्या दुर्बिणीची ती भली मोठी, ताटलीसारखी अँटेना.

आळेफाट्यावरून रोल धुवून आणला, फोटो ओळीनं मांडले आणि अंगावर काटाच आला. आई रोज तिथंच, पण अँटेनेचं तोंड प्रत्येक फोटोत वेगळीकडं! एवढं लोखंड रोज आपल्यासमोर वळायचं आणि मला कधी कळलंच नाय.

एका फोटोत मात्र आईच्या डोक्यावर नीट पदर व्हता.

"आई, हितं फोटोसाठी पदर घेतलास व्हय?"

"तुला काय लाजायचं? मागं बघ की."

त्या फोटोत अँटेनेचं तोंड थेट आमच्या अंगणाकडं व्हतं.

"तिला पार लांबच्या चांदण्या दिसत्यात म्हणं," आई म्हणाली, "मग अंगणातलं माझं उघडं डोकं दिसणार नाय व्हय?"