पहिल्याच पानावर मेलेला बाप

माझी पहिली कथा छापून आली ना, ती आबांनी वाचायला नको होती बघा.

लहानपणी मी एका धाडसी अनाथ पोराच्या पुस्तकांचा वेडा होतो. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. नांदेडला गाडी गेली की त्या मालिकेतलं नवं पुस्तक तिकिटांच्या पेटीत घालून अहमदपूरला आणायचे. साहजिकच माझ्या कथेतला पोरगाही अनाथच निघाला.

आबांनी अख्खी कथा वाचली.

“बापाला पहिल्याच पानावर मारलंस व्हय?”

“तशी रीतच असते, आबा. नाहीतर पोरगं घराबाहेर कसं पडणार?”

“हाव. पण मग त्याला पुस्तकं कोण आणून देतंय?”

आता कादंबरी लिहून राहिलोय. तिच्यातला बाप शेवटच्या पानापर्यंत जिवंत आहे. वाचायला आबा नाहीत.