दाराबाहेरचे बारा दिवस

सिस्टर : अहो आजोबा, दाराबाहेर काय उभे? बाळ आज घरी चाललंय. या आत.

आजोबा : नको. मुलगी आणेल त्याला. मी खाली थांबतो.

सिस्टर : बारा दिवस बघतेय. काचेतून डोकावता आणि निघून जाता. नातवावर रुसलात की काय?

आजोबा : कोणत्या तोंडानं रुसू? माझ्यामुळेच तर तो श्वासाच्या यंत्रावर गेला.

सिस्टर : असं कुणी सांगितलं?

आजोबा : सांगायला कशाला हवं? दुपारी बाळ झाल्याचा फोन आला, तसा गॅरेजमधून निघालो. हात फडक्याला पुसले नि त्याच्या गालाला बोट लावलं. संध्याकाळी पोर धापा टाकायला लागलं.

सिस्टर : किती वाजता आला होतात?

आजोबा : तीनच्या सुमारास.

सिस्टर : ही फाइल बघा. बाळंतपणात आईला ताप होता, म्हणून बाळाचं रक्त सकाळी अकरालाच घेतलं होतं. जंतू निघाले ते त्याच रक्तात. तेव्हा तुम्ही गॅरेजमध्ये होतात.

आजोबा : म्हणजे… माझ्या लेकीमुळे?

सिस्टर : कुणामुळेच नाही. हे जंतू धडधाकट बायकांच्या अंगातही असतात. बहुतेक बाळांना काही होत नाही, एखाद्याला होतं. आणि तिसऱ्या दिवशी परत रक्त तपासलं, तर एकही जंतू नव्हता.

आजोबा : जंतूच नव्हते, मग यंत्र त्याच तिसऱ्या दिवशी कसं लावलं?

सिस्टर : रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर धावून जातात. याच्या पेशी जरा जास्तच भडकल्या. जंतू मेले तरी थांबेनात, त्याच्याच फुफ्फुसांना सूज आणली.

आजोबा : चोर कधीच पळाला, आणि गावकरी घरमालकालाच बडवतायत.

सिस्टर : अगदी तसंच. त्या शांत होईपर्यंत आम्ही औषध चालू ठेवलं नि श्वास सांभाळला.

आजोबा : भांडण मिटलं तरी हातपाय आपटायचे. आमच्या हिच्यावर गेलंय पोरगं.

लेक : बाबा, आईला सांगू का हे?

आजोबा : तू कधी आलीस गं?

लेक : तुम्ही ‘माझ्या लेकीमुळे’ म्हणालात तेव्हा. बारा रात्री मीही तेच म्हणत होते. एकमेकांना विचारलं असतं तरी चाललं असतं.

आजोबा : माझं तोंडच उघडेना, पोरी.

सिस्टर : आता तोंड राहू द्या, हात धुवा. कोपरापर्यंत.

आजोबा : नखांतलं ग्रीस नाही जायचं हो. चाळीस वर्षांचं आहे.

सिस्टर : ग्रीस राहिलं तरी चालेल, जंतू गेले पाहिजेत. घासा नीट. हं, पुरे, कातडं सोलाल. आता बसा इथे.

लेक : मान सांभाळा, बाबा. असं. बघा, टकामका बघतोय तुमच्याकडे.

आजोबा : एवढासा जीव… आणि केवढं लढला.

लेक : रडताय?

आजोबा : छे. साबण गेला डोळ्यात.

सिस्टर : दोन्ही हातांत बाळ आणि साबण डोळ्यात?

लेक : चला आता, द्या त्याला माझ्याकडे. निघू या.

आजोबा : शर्टाचं बटण धरलंय त्यानं.

लेक : सोडवू का?

आजोबा : राहू दे. किल्ली घे माझ्या खिशातून. गाडी आज तू चालव.