चंपतरावांनी मागितलेली टाचणी

नऊ वर्षं झाली की दहा... आता माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही, पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी इतवारीत तो पिकअप सुरू होईना म्हणजे होईना! मागे किरायाचे मोठे गंज, म्हणजे आमच्याकडची भाताची पातेली, तिकडे पारशिवनीच्या देवळात माझ्या गेलेल्या बायकोच्या नावानं महाप्रसाद, दोनशे पानं, आचारी चूल पेटवून बसलेला आणि भात शिजवायला भांडंच नाही! आणि मी कोण? बत्तीस वर्षं कॉलेजात वीज शिकवलेला माणूस!

बरं, गाडी आली तेव्हा ठणठणीत होती हो! गंज चढवले, मी बायकोच्याच सवयीनं गाडीची पूजा केली, चाकं, बोनेट, स्टिअरिंग, चावी, सगळीकडे हळदकुंकू, मूठभर अक्षता... आणि मग चावी अर्धी फिरे, दिवे लागत, पुढे काही नाही! मी म्हटलं, "चंपतराव, बॅटरी उतरली." ड्रायव्हर चंपतरावांनी शांतपणे हॉर्न दाबला. पोंऽऽ! "बॅटरी त सांडावानी डरकून राहिली, सर." मग मी म्हटलं, स्टार्टर! "त्याले हुकूम पोचला, त तो टक् तरी करन ना!" हे मला का सुचू नये? बत्तीस वर्षं वीज शिकवलेला माणूस!

त्यात भांडेवाले भैयाजी ओट्यावरून, "काहून गा चंपत, गाडी हाय का बंडी? बैल आणू का?" सगळी गल्ली हसली.  चंपतरावांनी चावी काढली, उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं... आणि म्हणाले, "सर, टाचणी हाय का? अन् मागचे गंज जरा मोजून घ्या ना."

मी टाचणी दिली, गंज मोजले. अकरा. तेवढ्यात घुर्रर्र! "काय होतं हो?" "वायर ढिली होती, सर. जुनी गाडी!" भैयाजी पुन्हा हसले, चंपतरावांनी तेही ऐकून घेतलं. भात वेळेवर शिजला. वायरीला टाचणी कशाला, हे मी विचारलंसुद्धा नाही! बत्तीस वर्षं...

परवा त्यांची मुलगी अपेक्षा नवा पिकअप घेऊन दारात आली. आता तीच चालवते. सहज विचारलं, तर म्हणाली, "वायर कायची सर! चावी लावायच्या भोकात तुमच्या अक्षता होत्या! बाबा म्हणे, बाईच्या नावचं जेवण होतं, सरले त्या दिवशी काहून वाईट वाटू द्यावं!"

मग तिनं नव्या गाडीची पूजा माझ्याच हातून करून घेतली. चावी तेवढी स्वतःच्या मुठीत ठेवली.